उजेड न लावता

कॅमेरा दुरुस्तीहून परत आला त्या सकाळी धाकटीनं तो नेहमीसारखा ट्रायपॉडवर चढवला, पांढऱ्या कागदावर मांडलेल्या स्टीलच्या किटलीकडे रोखला, आणि बटणावर गेलेलं तिचं बोट तिथंच थबकलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, कार्डावर अजून किती फोटो मावतील, तो आकडा असतो. वर्षानुवर्षं रोज सकाळी पाहिलेला, आपल्याच दारावरच्या नंबरासारखा सवयीचा आकडा. आज त्याच्या जागी भलताच मोठा आकडा होता. किटली मांडून झाली होती, दिवे तेच होते, कार्डही तेच. ती आकड्याकडे बघत राहिली, अंदाज चुकल्यासारखी. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि एकदम जमीन लागावी, तसं. एवढी जागा कुठून आली? आणि इतके फोटो काढायचे तरी कशाचे? तिनं किटलीकडे पाहिलं. किटलीच्या पोटात ती स्वतः होती, फुगीर, हात लांबलेले, आणि तिच्या मागं दोन्ही दिव्यांचे पांढरे चौकोन.

तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो काहीतरी खात होता.

"मॅडम, आतलं बोर्ड बदललं ना, त्यामुळे सगळं कोऱ्यासारखं झालंय," तो म्हणाला. "भाषा, तारीख, क्वालिटी, आयएसओ. तुमचं तुम्हाला पुन्हा लावून घ्यावं लागेल."

"आधी जे लावलेलं होतं ते कुठं राहिलंय का?"

"ते जुन्या बोर्डाबरोबर गेलं." मग त्याला थोडी दया आली असावी. "तुम्हाला आठवत असेलच की, मॅडम. रोजचं काम तुमचं."

आठवत होतं, पण ते तिनं लावलेलं नव्हतं. स्टुडिओत ती लागली तेव्हा आधीचे फोटोग्राफर निवृत्त होत होते. जाताना त्यांनी कॅमेरा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, इथं उजेड आपल्या मुठीत आहे, तेव्हा कॅमेऱ्याला ताण द्यायचा नाही. आयएसओ सगळ्यात खाली. क्वालिटी सगळ्यात वर. याला हात लावू नकोस. तिनं लावला नव्हता. घड्याळं, चपला, कढया, बाटल्या, कुणाच्या तरी कारखान्यातले नळ, सगळं त्या एकाच मापानं तिच्यासमोरून गेलं होतं आणि कॅटलॉगमध्ये स्वच्छ, कडा धारदार, सावली जिथं हवी तिथंच, असं छापून आलं होतं. आता पडद्यावर साधी पांढरी अक्षरं होती. क्वालिटी: नॉर्मल. आयएसओ: ऑटो. पहिल्याचा अर्थ असा, की कॅमेऱ्यानं जे पाहिलं त्यातलं किती ठेवायचं आणि किती टाकून द्यायचं ते तोच ठरवणार. म्हणून तर कार्डावर इतकी जागा झाली होती. दुसऱ्याचा अर्थ असा, की उजेड कमी पडला तर डोळे किती ताणायचे, तेही तोच ठरवणार. जास्त ताणले की दिसतं, पण चित्रावर दाणे उठतात, रव्यासारखे. हे सगळं तिला पाठ होतं. तरीही ती मेन्यूवर बोट ठेवून बसली, आणि आपल्याला कुणीतरी पहिल्यांदाच विचारतंय असं तिला वाटलं. किती ठेवू? किती ताणू?

बाबांना असं कुणी विचारत नसे. बाबांच्या कॅमेऱ्यात रोल असायचा, आणि रोलच्या डबीवर जो आकडा छापलेला, तोच शेवटपर्यंत. एकदा झाकण लावलं की मग ऊन असो, आभाळ भरून येवो, घरातला कोपरा असो, तेवढ्याच नजरेनं सगळं बघायचं. बाबा उन्हाचा रोल आणायचे. त्यामुळे घरातले सगळे फोटो बाहेरचे होते. गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, बागेतल्या बाकावर. सगळ्यांना सूर्याकडे तोंड करून उभं करायचे आणि म्हणायचे, हं, डोळे उघडे. दादाचे डोळे उघडे असत. धाकटीचे उघडे असत, पाणी आलेलं असलं तरी. आई मात्र प्रत्येक फोटोत डोळे मिटलेली, नाहीतर कपाळावर हात धरलेली, नाहीतर ऐन वेळी मान वळवलेली. घरात तो विनोदच होऊन बसला होता. पाहुणे अल्बम बघायला लागले की बाबा म्हणायचे, आमच्या हिला फोटोत झोप लागते. आईही हसायची. आता, किटलीसमोर बसून, धाकटीला ते हसणं पुन्हा ऐकू आलं आणि त्यात काहीतरी सांगायचं राहून गेलेलं आहे असं वाटलं. तेव्हाही, आताइतका नसला तरी, उजेड टोचतच असेल तिला. कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही, रोल फुकट जाऊ नये म्हणून असेल, कधी सांगितलं नव्हतं.

खरी अस्वस्थता आदल्या संध्याकाळची होती. दादाचा फोन आला होता, दूरच्या शहरातून. तिथं त्यानं आईसाठी एक जागा बघितली होती. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी संस्था. डोंगराच्या उतारावर, स्वच्छ, डॉक्टर आवारातच.

"प्रत्येक खोलीला भिंतभर खिडकी आहे," तो म्हणाला होता. "सकाळपासून ऊन."

"दादा, आईला ऊन कसं चालेल?"

"पडदे असतात गं सगळीकडे. आणि तिथले डॉक्टर म्हणतात, हळूहळू सवय करता येते. घरी काय, दिवसभर अंधारात पडून असते. तू सुट्टीच्या दिवशी जातेस, चार शब्द बोलून येतेस. बाकीचे दिवस? माणूस असा विझत जातो, धाकटे. आपल्याला कळतही नाही."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. बघू म्हणाली." तो म्हणाला. "त्यांना एक फोटो हवाय तिचा. अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसेल असा. तेवढा काढून पाठव. तू तर काय, तुझं कामच आहे ते."

ती हो म्हणाली होती. हो म्हणताना तिला थोडं हलकंही वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाचंच नंतर ओझं झालं. कारण दादा म्हणत होता ते तिलाही दिसत होतं. बाबा गेल्यानंतर काही महिन्यांतच आईच्या डोळ्यांनी संप पुकारला. आधी डोकं दुखायचं, मग डोळ्यांत सुया टोचल्यासारखं, मग नुसता दिवा लावला तरी ती तोंड फिरवून भिंतीशी जायची. डोळ्यांचे डॉक्टर झाले, मेंदूचे झाले. शेवटी एक जण सरळ बोलला, की डोळे शाबूत आहेत, त्यांना उजेड सोसत नाही, आणि हे बहुतेक जाणार नाही. मग आतल्या खोलीला जाड दुहेरी पडदे लागले, बल्ब काढून ठेवले गेले, दाराच्या फटीला कापडाची पट्टी आली. आईचं काम रफूचं होतं. कोटाला सिगरेटनं पडलेलं भोक, उंदरानं कुरतडलेली शाल, अशा जागी ती मूळ धाग्याला धागा जोडून विणायची, आणि नंतर ती जागा तिलाच सापडायची नाही. रंग जुळवायला धागा खिडकीत धरावा लागतो, दिव्याखाली तो खोटा दिसतो, असं ती म्हणायची. खिडकी गेली आणि काम गेलं. त्यानंतर धाकटी जेव्हा जेव्हा त्या खोलीत गेली, तेव्हा तिला आई राखाडीच दिसली. राखाडी खुर्ची, राखाडी पलंग, त्यावर राखाडी आई. बाहेर आलं की रस्त्यावरच्या फळांच्या गाडीवरले रंग तिच्या अंगावर येत, आणि ती लांब श्वास घेई, पाण्याखालून वर आल्यासारखा.

त्या दिवशी तिनं क्वालिटी पुन्हा वर नेली, आयएसओ पुन्हा खाली आणला, किटली संपवली, किटलीनंतर झाकणं संपवली. पण कोपऱ्यातला आकडा पुन्हा ओळखीचा झाला तरी तिचं बोट पहिल्यासारखं पडेना. प्रत्येक वेळी एक बारीकसा थांबा येत होता, दारावर टकटक करावी की नाही अशा विचारात उभ्या माणसाचा असतो तसा.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ती कॅमेरा पिशवीत घालून दुपारी आईकडे गेली. कुलूप तिनंच उघडलं, किल्ली तिच्याकडे असायची. बाहेरच्या खोलीत पडदे अर्धे ओढलेले होते, स्वयंपाकघरात कामाच्या बाई सगळं झाकून, पुसून गेल्या होत्या. धाकटीनं चपला काढल्या, आतल्या दाराशी जाऊन हळूच म्हटलं, "मी आलेय."

"मग ये की आत. पट्टी नीट सरकव मागं."

ती आत गेली, दार लावलं, खालची पट्टी पायानं सरकवली आणि उभी राहिली. या खोलीत आलं की थोडा वेळ असंच उभं राहावं लागतं. आधी काहीच नसतं. नुसता काळोख आणि त्यात कुठंतरी आईचा श्वास, आणि साबणाचा वास. मग पडद्याच्या वरच्या फटीतून आलेला पुसट उजेड छतावर एक रेघ काढतो. मग त्या रेघेखाली कपाटाची कड उगवते, मग पलंगाचा पाय, मग खुर्चीची पाठ. पाण्यात साखर विरघळते त्याच्या उलट काहीतरी. विरघळलेली खोली हळूहळू पुन्हा गोठत येते. धाकटीला लहानपणी ताप आला की असं व्हायचं. भिंती लांब जायच्या आणि परत यायच्या, आणि मधे कुठंतरी आईचा गार हात असायचा. आत्ता आईची आकृती खुर्चीत होती, पाठ ताठ, हात मांडीवर.

"दादाला फोटो हवाय तुझा," धाकटी म्हणाली.

"सांगितलं त्यानं."

"काढू?"

"काढ. पण उजेड लावायचा नाही."

"नाही लावत."

"तो खटकन चमकतो तोसुद्धा नाही."

"फ्लॅश नाही वापरत, आई. आहे त्यातच काढते."

"आहे त्यात येतो?" आईच्या आवाजात खरंच कुतूहल होतं. "तुझ्या बाबांना यायचा नाही."

धाकटी बाहेरच्या खोलीत आली. कॅमेऱ्याचा पडदा आत चालू करायची सोय नव्हती, तेवढा उजेडही आईच्या डोळ्यांत खिळ्यासारखा गेला असता. म्हणजे जे लावायचं ते इथंच, आधीच, न बघता लावायचं होतं. ती सोफ्याच्या कडेला बसली. फोकस शोधायला कॅमेरा एक छोटा दिवा सोडतो, तो तिनं बंद केला. फोटो काढल्यावर तो लगेच पडद्यावर दिसतो, तेही बंद केलं. शटरचा आवाज मऊ केला. मग आयएसओ. शंभरवरून तिनं चाक फिरवलं आणि आकडे दुप्पट दुप्पट होत वर गेले. चारशे, आठशे. इथवर ती लग्नाबिग्नाला कुणाच्या आग्रहावरून कधीतरी आलेली होती. सोळाशे. बत्तीसशे. इथून पुढं तिला कोणी ओळखत नव्हतं. चाक हलकं होतं, काहीच अडवत नव्हतं. बारा हजारांच्या वर तिनं बोट थांबवलं. तिथं मधेच कॅमेऱ्यानं विचारलं, दाणे घासून गुळगुळीत करू का? तशीही सोय असते. दाणे जातात, पण त्यांच्याबरोबर सुरकुत्या जातात, भुवयांचे केस जातात, चेहरा मेणाचा होतो. दादाच्या संस्थेला तो चालला असता. स्वच्छ म्हातारी, स्वच्छ खिडकीत. तिनं ते बंद ठेवलं. क्वालिटी वरच ठेवली. जे काही दिसेल ते सगळं राहू दे, दाण्यांसकट. टाकायचं काय ते नंतर ठरवू, आणि ते मी ठरवीन. हे तिनं मनात इतकं स्पष्ट म्हटलं की आपण मोठ्यानं बोललो की काय असं वाटून तिनं दाराकडे पाहिलं.

आत जाऊन पुन्हा थांबली, खोली गोठू दिली. दुसरी खुर्ची ओढून तिच्या पाठीवर कॅमेरा टेकवला. डोळ्यांना फोकस जमणार नव्हता. तिनं हात लांब करून आईच्या गुडघ्याला लावला, अंतर मापलं, आणि लेन्स तेवढ्यावर आणली.

"काय करतेस?"

"तू किती लांब आहेस ते बघतेय."

"इथंच आहे."

"आता हलू नकोस हं. जरा वेळ लागतो याला."

"मी कुठं हलतेय," आई म्हणाली. "दिवसभर तेच तर करते."

शटर उघडलं, राहिलं, मिटलं. कुणीतरी अंधारात ओठ उघडून पुन्हा मिटावेत तेवढाच आवाज. तिनं अजून काही काढले. आई अधूनमधून बोलत होती, कामाच्या बाईंच्या मुलीला नोकरी लागली, वरच्या मजल्यावर कुणीतरी हार्मोनियम शिकतंय आणि त्याच एका ओळीवर अडलंय, आणि धाकटीला तिला गप्प बस म्हणवेना.

"बघून येते," ती म्हणाली आणि बाहेर आली.

सोफ्यावर बसून तिनं पडदा चालू केला. पहिल्यांदा दाणेच दिसले. सगळ्या भिंतीवर लाल, निळे, हिरवे बारीक दाणे, कुणी रंगीत वाळू उडवल्यासारखे. मग त्या वाळूतून आई वर आली, आणि धाकटीनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

आई पिवळी होती.

तिला वाटलं कॅमेऱ्याची चूक झाली. रंग सरकतात कधी कधी, इतकं ताणलं की. तिनं चित्र मोठं केलं आणि पलंगावरच्या चादरीची कड शोधली. चादर पांढरी होती, पांढरीच दिसत होती. पुन्हा आईकडे आली. लिंबाच्या सालीसारखा पिवळा स्वेटर, पुढं मोठी बटणं, सगळी नीट लावलेली. गळ्याभोवती हिरवा स्कार्फ. केस विंचरलेले, भांग सरळ, आणि कानामागं एक लाल क्लिप. डोळे मिटलेले होते, पण तोंड अर्धवट उघडं, बोलताना पकडलेलं, आणि हनुवटी वर. कुणाकडे तरी पाहुणी म्हणून आलेली, आवरून सवरून बसलेली बाई.

धाकटीनं कॅमेरा मांडीवर ठेवला. अंधारात माणसाच्या डोळ्यांना रंग लागत नाही, आकार तेवढे लागतात. हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं, फोटोग्राफीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. कॅमेऱ्याला तसं नसतं, त्याला पुरेसं ताणलं की तो रंगही आणतो. पण ठाऊक असून तिनं ते या खोलीला कधी लावलं नव्हतं. राखाडी होते ते तिचे डोळे. इतकी वर्षं, दर सुट्टीला, तिच्यासमोर हात दीड हातावर कुणीतरी रंगीत बसत आलं होतं, आणि ती घरी जाऊन दादाला सांगत होती, तशीच आहे, काही फरक नाही. तिला आठवलं, एकदा आई म्हणाली होती, आज कशी दिसतेय? तिनं म्हटलं होतं, छान. आई त्यावर गप्प झाली होती, आणि ते गप्प होणं तिला थकवा वाटलं होतं.

ती आत गेली. या वेळी खोली गोठायची वाट न बघता, अंधारातच चाचपडत खुर्चीत बसली.

"आई, तू पिवळा स्वेटर घातलायस."

"हो."

"आणि हिरवा स्कार्फ."

"हिरवा नाही गं. पोपटी."

"आणि लाल क्लिप."

"ती आहे का अजून? मला वाटलं पडली." केसांत हात फिरल्याचा आवाज झाला. "आहे."

"रोज घालतेस असं?"

"रोज पिवळं नाही घालत. काल जांभळं होतं." आई खुर्चीत सावरून बसली. "सकाळी कपाट उघडते. हात लावला की कळतं. या पिवळ्याची वीण जाड आहे, जांभळ्याला कोपराशी मीच रफू केलंय, ते बोटाला लागतं, दुसऱ्या कुणाला लागणार नाही. मग घालते. मग दिवसभर मला ठाऊक असतं की आज मी पिवळ्यात आहे. तेवढ्यावर दिवस निघतो, खरं सांगते. बसल्या बसल्या मी त्याच्याशी रंग जुळवत असते. याच्यावर कुठला धागा जाईल, बाजूला काय उठून दिसेल. कधी चुकते, मग उसवते."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुला दिसत असेल असंच वाटायचं मला. तू फोटोवाली." तिनं बटण चाचपलं. "मग कळलं की दिसत नाही. पण म्हणून काय राखाडी घालू? बाईंना ठाऊक आहे. त्या धुतात ना."

धाकटीला हसू आलं. "मोजे कुठले आहेत सांग."

"लाल."

"फोटोत एक लाल आहे. दुसरा निळा."

आईनं एका पायानं दुसरा चाचपला. मग अंधारात तिचं हसणं सुरू झालं, आधी नाकातून, मग छातीतून, खुर्ची करकरायला लागेपर्यंत. "बाईंनी जोड चुकवला," ती म्हणाली. "आणि माझ्याही हाताला लागलं नाही. म्हातारी झाले बघ."

हसणं ओसरल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटली. वर हार्मोनियम त्या ओळीवर आला, अडला, पुन्हा मागं गेला.

"दादाकडच्या त्या जागेचं काय करायचं?" धाकटीनं विचारलं.

"मला नाही जायचं."

"तू बघू म्हणालीस त्याला."

"नाही म्हटलं की तो उद्या पुन्हा फोन करून तेच विचारतो, नव्या शब्दांत. त्याचा जीव तुटतो, मला कळतं. पण भिंतभर खिडकी!" तिनं श्वास सोडला. "कंटाळा येतो इथं, नाही असं नाही. एकटं वाटतं. तिथंही वाटेल, आणि वर डोळे दुखतील."

"मग काय हवंय तुला?"

आईनं स्कार्फ सारखा केला. "तू इथं आलीस की हळू आवाजात बोलतेस," ती म्हणाली. "आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसं. दादासुद्धा फोनवर तसाच बोलतो. इथं अंधार आहे, धाकटे. कुणी झोपलेलं नाही."

 धाकटी उठली आणि मघासारखा हात पुढं केला. आता तिला अंतर मापायचं नव्हतं. पिवळ्याची वीण खरंच जाड होती. बटणं थंड होती.

बाहेर येऊन तिनं फोनवर तो फोटो दादाला पाठवला, काही न पुसता, न घासता. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला.

"अगं, किती दाणे आहेत," तो म्हणाला. "हा नाही चालायचा त्यांना. जरा उजेडात..." आणि तो बोलायचा थांबला. तिला त्याच्या बोटांचा काचेवर आवाज येईल की काय असं वाटलं. तो चित्र मोठं करत असणार. "हे आत्ताचं आहे?"

"आत्ताचं. अर्धा तास झाला असेल."

"तिच्या केसांत क्लिप आहे."

"हो."

"मी आलो होतो तेव्हा पण..." तो म्हणाला. पलीकडे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. "तिला यायचं नाहीये ना?"

"नाही म्हणतेय."

"मला तसं म्हणाली नाही."

"तू विचारतोस कसं ते बघ," धाकटी म्हणाली आणि मग तिला वाटलं, हे आपण स्वतःलाही म्हणू शकलो असतो. "ये ना तू. येऊन बस तिच्याजवळ. आणि मोठ्यानं बोल."

"बघू," दादा म्हणाला.

"बघू म्हणजे?"

"म्हणजे येतो." तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात येतो. त्यांना काही पाठवू नकोस."

ती आत परतली तेव्हा छतावरची रेघ तांबूस झाली असावी. तिला ती अर्थातच राखाडी दिसली, पण या वेळी तिनं स्वतःच तिच्यात थोडा तांबूस घातला. कॅमेरा अजून तिच्या गळ्यात होता. दादा येतोय असं तिनं सांगितलं. आईनं हं केलं आणि मग म्हणाली, "दे बघू तो इकडे."

"काय?"

"कॅमेरा. तुझा एक काढते. माझ्याकडे तुझे सगळे लहानपणचेच आहेत, आणि तेही आता मला बघता येत नाहीत. पण काढते."

धाकटीनं पट्टा मानेतून काढला आणि कॅमेरा तिच्या हातांत ठेवला. आईची बोटं त्यावरून फिरली, कडेनं, लेन्सभोवती, बटणांवरून. कुठल्याही कापडावरून फिरतील तशी, घाई न करता, कुठं काय विणलंय ते समजून घेत.

"हे दाबायचं?"

"हो. आणि दाबल्यावर हात स्थिर ठेवायचा. खुर्चीच्या हातावर टेकव."

"काही फिरवावं लागतं?"

"नाही. सगळं लावलेलं आहे."

"मग बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मला कळायला नको का तू कुठं आहेस ते?"

धाकटी पलंगाच्या कडेवर ताठ बसली. पहिले शब्द पुन्हा हळूच आले, सवयीनं, आणि तिनं ते तिथंच सोडून दिले. मग पूर्ण आवाजात, खोली भरेल असा, तिनं सांगायला सुरुवात केली. स्टुडिओत एक किटली आली होती, तिच्या पोटात सगळी खोली दिसायची आणि दिवे लपवता लपवता तिची सकाळ गेली. मग चपलांचं सांगितलं. मग आपण आज निळा सदरा घातलाय, खिशाशी शाईचा डाग आहे, तो मागच्या महिन्यापासून तसाच आहे, असंही सांगितलं. समोरच्या अंधारात कॅमेरा हलला, थोडा वर गेला, डावीकडे आला, तिच्या आवाजाच्या मागोमाग, आणि थांबला. आईचा श्वासही थांबला.

"बोलत राहा," आई म्हणाली.